मूठ वळते, उघडत नाही

पक्षाघात होऊन महिना-दीड महिना झालेल्या घरात गेलं, की पेशंटच्या उशाशी बहुधा एक रबरी चेंडू दिसतो. पिवळा, हसऱ्या चेहऱ्याचा, कुणीतरी मायेने आणून दिलेला. हातातली ताकद गेली ना, मग चेंडू दाबून दाबून ती परत आणायची, असा साधा हिशेब असतो. भेटायला आलेला प्रत्येक जण खुर्चीवर टेकता टेकता विचारतो, "दाबताय ना चेंडू?" पेशंट इमानेइतबारे दाबत असतो. काही आठवड्यांनी मूठ वळायला लागते आणि घरात आनंद होतो. पण आता चेंडू हातात गेला की सुटत नाही. दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडून तो काढावा लागतो.

मी मिरज-सांगली भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. घरोघरी जाऊन व्यायाम करून घेणं, हे माझ्या कामातलं मोठं काम. चेंडू दाबल्याने हात बिघडतो असं मी कुणाला सांगत नाही, तसा पुरावाही नाही. पण जे बहुतेकदा आपलं आपण परत येतं, त्याचाच सराव करण्यात मोलाचे दिवस निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पक्षाघातानंतर हाताचं खरं अडतं ते उघडण्यापाशी. पाण्याचं भांडं धरायचं तर आधी पंजा त्याच्याएवढा उघडावा लागतो, आणि पाणी पिऊन झालं की भांडं सोडावं लागतं. धरणं या दोन्हींच्या मध्ये येतं, आणि तिघांत तेच सगळ्यात सोपं.

असं का होतं, याचं उत्तर हातात नाही, मेंदूत आहे.

पेशंटचा मुलगा मोबाईलवर एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "मॅडम, डाग छोटाच आहे ना?" कोरोनाच्या साथीच्या काळात तर 'कोरोना रेडिएटा' हे मेंदूतल्या एका भागाचं नाव रिपोर्टात वाचून घरच्यांचा जीव आणखीच खालीवर व्हायचा. डाग, म्हणजे इजा झालेला मेंदूचा भाग, किती मिलिमीटरचा, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. मी आधी बघते तो कुठे आहे. हालचालीचे हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यातून निघतात. तिथून निघालेले तंतू खाली येता येता एकमेकांजवळ सरकतात आणि 'इंटर्नल कॅप्सूल' नावाच्या अगदी अरुंद जागेतून पुढे जातात. पठारभर पसरलेल्या वाटा एकाच घाटात उतराव्यात, तसं. एका बाजूला असे सुमारे १० लाख तंतू असतात. मेंदूच्या तळाशी त्यातले बहुतेक बाजू बदलतात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवं अंग जातं. या मार्गाला कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात.

पठारावर एक मोठा दगड पडला तरी बाकीच्या वाटा शिल्लक राहतात. घाटात पडलेला लहानसा दगड मात्र सगळं बंद करतो. त्या अरुंद जागेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या मिलिमीटरभराहूनही बारीक असतात आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेला रक्तदाब आणि मधुमेह नेमका त्यांच्यावर घाला घालतो. सी. मिलर फिशर या न्यूरॉलॉजिस्टने १९६५ साली अशा पेशंटांचं नेमकं वर्णन करून ठेवलं. वाचा शाबूत, दृष्टी शाबूत, संवेदना शाबूत, विचार स्वच्छ, आणि चेहरा, हात, पाय मात्र एका बाजूने गेलेले.

माझ्याकडे एकाच सुमारास दोन पेशंट होते. एक निवृत्त शिक्षिका. त्यांचा डाग एवढा मोठा, की फिल्म बघून घरच्यांनी आशाच सोडली होती. त्यांची वाचा गेली होती, नातवाचं नावही तोंडातून निघत नव्हतं. पण डाग मागच्या आणि बाजूच्या भागात होता, हाताचे तंतू त्यातून वाचले होते. महिन्याभरात त्या दोन्ही हातांनी भाकरी थापायला लागल्या. दुसरे काका सतारी बनवणारे. मिरजेत पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्यं बनवणारी घराणी आहेत, त्यांतल्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा डाग जेमतेम सेंटिमीटरभर, इंटर्नल कॅप्सूलमध्ये. बोलणं स्वच्छ, कुठली सतार कोणत्या साली कुणासाठी केली तेही तोंडपाठ. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेला, जिथे ठेवला तिथेच. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढणारा हात होता तो. जवारी काढताना कानस किती दाबायची आणि कुठे उचलायची हे बोटांनाच ठाऊक असतं, सांगून शिकवता येत नाही.

त्यांच्या सुनेने मला विचारलं, "एवढ्याशा डागाने एवढं?" तेव्हा मी त्यांना घाटाचं सांगितलं. पुढची गोष्ट तेव्हा सांगितली नाही, पण त्यांच्या हाताकडे बघताना ती माझ्या मनात सतत असायची.

डोनाल्ड लॉरेन्स आणि हॅन्स क्युपर्स या दोघांनी १९६८ साली माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी माकडांच्या मेंदूतला हाच मार्ग दोन्ही बाजूंनी तोडला होता. माकडं लुळी पडतील असं कुणालाही वाटेल. पण काही आठवड्यांत ती चालू लागली, धावू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. कायमची गेली ती एकेक बोट वेगळं हलवण्याची कला. खड्ड्यातला खाऊचा तुकडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलणं त्यांना पुन्हा जमलं नाही, सगळा पंजा एकत्रच वळायचा. आणि मला हलवून सोडणारी नोंद पुढे आहे. हातात आलेला खाऊ त्यांना सोडता येत नसे. चढताना गज सोडायला मात्र काहीच अडचण नव्हती. चढण्याचा हुकूम दुसऱ्या मार्गाने येत होता.

हा दुसरा मार्ग मेंदूच्या देठातून निघतो, त्याला रेटिक्युलोस्पायनल ट्रॅक्ट म्हणतात. उत्क्रांतीच्या दृष्टीने तो फार जुना. तोल, उभं राहणं, चालणं, अंग सावरणं ही त्याची कामं, आणि तो शरीराच्या दोन्ही बाजूंना तंतू पाठवतो. पाय हाताच्या आधी सुधारतो याचं एक मोठं कारण हेच. पायाला चालण्यापुरतं जे लागतं, त्यातलं बरंचसं हा जुना मार्ग देऊ शकतो. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या स्टुअर्ट बेकर यांच्या गटाने माकडांमध्ये दाखवलं, की मुख्य मार्ग तुटल्यावर महिन्यामहिन्यांनी या जुन्या मार्गाची जोडणी बळकट होत जाते. पण ती मनगट आणि बोटं वाकवणाऱ्या स्नायूंशी. बोटं उघडणाऱ्या स्नायूंशी ती तशी वाढत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझे कितीतरी पेशंट एका रांगेत दिसले. कोपरात वाकलेला, छातीशी आलेला हात, आत वळलेलं मनगट, अंगठ्यावर मिटलेली बोटं. तळव्यात घाम साचतो, नखं रुततात, वास येतो, आणि घरची बाई रोज सकाळी कोमट पाण्याने ती मूठ हळूहळू सोडवून पुसून काढते. स्नायूंना शिथिल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं मिळाली तर हे सोडवणं सोपं होतं, दुखणं कमी होतं. पण आखडलेलं ढिलं झालं म्हणजे उघडण्याचा हुकूम पोचला असं होत नाही. तो हुकूम जायला रस्ता लागतो.

एखादे दिवशी पहाटे फोन येतो, "मॅडम, हात वर आला! जांभई देताना आपोआप आला!" हे खरंच घडतं. मनात आणून जो हात तसूभर हलत नाही, तो जांभईबरोबर वर उचलला जातो आणि जांभई संपली की खाली येतो. हा जुन्या मार्गांचा खेळ आहे, इच्छेचा त्यात भाग नाही. फोनवरचा तो आनंद मला मोडवत नाही. मी एवढंच म्हणते, स्नायू जिवंत आहेत, आता त्यांना मनाने हलवायचं बघू.

पक्षाघाताच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हॉस्पिटलमध्ये बोलावणं आलं, तर मी दोन गोष्टी बघते. पेशंट खांदा बाजूला उचलू शकतो का, आणि बोटं थोडी तरी उघडू शकतो का. ही मी शोधलेली परीक्षा नाही. नेदरलँड्समधल्या नायलंड आणि क्वाकल यांच्या गटाने २०१० मध्ये मांडलेली आहे. पहिल्या ७२ तासांत ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमतात, त्यांच्यात सहा महिन्यांनी हाताचं काहीएक कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसतील तर २५ टक्के. बोट तसूभर उचललं गेलं याचा अर्थ मुख्य मार्गावरचे काही तंतू अजून चालू आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी याच धाग्यावर पुढे काम केलं. ज्यांना काहीच हलवता येत नाही, त्यांच्या डोक्यावर चुंबकीय लहरींचं यंत्र धरून हाताचा स्नायू फुरफुरतो का ते त्या बघतात. फुरफुरला, तर बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या हाताचीही आशा धरता येते. माझ्या पेशंटांच्या वाट्याला असं यंत्र येत नाही. पण बोटांकडे बघायला यंत्र लागत नाही, आणि तरीही पेशंटच्या कागदांवर 'पॉवर शून्य' किंवा 'पॉवर दोन' असा ताकदीचा आकडाच लिहिलेला मी पुष्कळदा वाचते. बोटं उघडतात का, हे लिहिलेलं क्वचितच सापडतं.

आता प्रश्न सांगण्याचा. आपल्या घरांमध्ये आजाऱ्याला एकच वाक्य सांगायची रीत आहे, "सगळं पहिल्यासारखं होईल." डॉक्टरही सांगतात, शेजारीही सांगतात. ज्यांना पहिल्या तीन दिवसांत या दोन्ही हालचाली अजिबात जमत नाहीत, त्यांच्यापुढे हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. चारातल्या एकाला कौशल्य परततं म्हणजे तिघांना परतत नाही. ते तिघे कोण हे मला ठाऊक नसतं, म्हणून प्रयत्न सगळ्यांसाठी सारखाच. पण त्याच वेळी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला, अंघोळ करायला मी पहिल्या महिन्यापासून शिकवते, आणि पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगते. खांदा एकदा सांध्यातून खाली सरकला आणि दुखायला लागला, की व्यायामाचं नाव काढू देत नाही. काही घरांत यावर राग येतो. "तुम्ही आताच हार मानली का?" असं विचारतात. मला ती हार वाटत नाही. माणसाला त्याच्या हाताबद्दल खरं कळायला हवं, तो त्याचा हात आहे.

आणि वेळ. हालचाल परतण्याचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. या काळात मेंदूत एरवी नसते अशी एक घडण चालू असते. वाचलेल्या पेशी नव्या फांद्या काढतात, शेजारचे भाग गेलेल्या भागाचं काम उचलू बघतात. रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवर दाखवलं, की इजेनंतर हाताला सराव दिला नाही तर मेंदूतली इजेशेजारची, वाचलेली हाताची जागाही आक्रसत जाते, आणि सराव दिला तर ती टिकते, काहींमध्ये तर वाढतेसुद्धा. वॉशिंग्टनमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पेशंटांना नेहमीच्या उपचारांवर २० तासांचा जादा सराव दिला. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

आमच्याकडे हेच तीन महिने कुठे जातात ते मी बघते. कुणी सांगतं अमुक गावात लकव्याचं औषध मिळतं, तीन रविवार जायचं. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. एका घरात तर कडक पथ्याच्या नावाखाली पेशंटला महिनाभर अंथरुणावरून उठू दिलं नव्हतं. या लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. अंगावरून वारं गेलेला माणूस समोर पडलेला असतो, आणि हॉस्पिटलमधून घरी सोडताना कागदावर 'व्यायाम चालू ठेवा' एवढे तीन शब्द असतात. कोणता व्यायाम, किती, कुणी करून घ्यायचा, यातलं काही नाही. ती मोकळी जागा कुणीतरी भरणारच.

सरावाचा आकडाही समजून घेण्यासारखा आहे. कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत बसून मोजणी केली. हाताने प्रत्यक्ष काही काम करण्याची आवर्तनं एका सत्रात सरासरी ३२ निघाली. प्राण्यांच्या प्रयोगांत मेंदू बदलताना दिसतो तो दिवसाला काही शेकडा आवर्तनांनंतर. माझ्या अर्ध्या तासाच्या भेटीत त्यातला बराच वेळ आखडलेला हात सैल करण्यातच जातो. 'शेक आणि करंट' घेऊन समाधानाने घरी जाणारे पेशंटही पुष्कळ. बोटं उघडणाऱ्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन त्याच क्षणी स्वतः बोटं उघडायचा प्रयत्न केला, तर तो करंट कामी येतो. डोळे मिटून पडून घेतलेला करंट मला सरावात धरता येत नाही.

घरी सराव व्हावा, तर तिथे सेवा आडवी येते. हे लिहिताना मला जड जातंय, कारण ती सेवा मी जवळून बघते. सून घास भरवते, मुलगा बटणं लावतो, नात चप्पल पायात सरकवते. उजव्या हाताने जेवण्याचा संस्कार इतका खोल, की डावा हात ताटात घालण्यापेक्षा भरवून घेणं पेशंटला बरं वाटतं, आणि उजव्याने सांडत सांडत जेवणं चारचौघांत नको वाटतं. हात दिवसभर मांडीवर पडून राहतो. एडवर्ड टॉब यांनी दाखवून दिलं, की वापरायचाच नाही हेसुद्धा मेंदू शिकतो, आणि हात जेवढं करू शकतो त्याहूनही कमी करायला लागतो. त्यावर त्यांनी उपाय काढला. चांगला हात जाड हातमोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला तासन् तास कामाला लावायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २२२ पेशंट होते. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ तो मोजा हातावर ठेवायचा, अशी रीत होती. फायदा झाला आणि वर्षभर टिकलाही. पण या चाचणीत यायचं तर मनगट आणि बोटं आधीच थोडी तरी उघडावी लागत होती. म्हणजे इथेही दारात तीच अट.

सतारीवाल्या काकांची बोटं पहिल्या आठवड्यात उघडत नव्हती. खांदा मात्र किंचित उचलत होता. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तर्जनी उघडताना मला दिसली, मधलं बोट तिच्या मागोमाग. मी चेंडू कपाटात ठेवायला लावला. त्यांच्याच कारखान्यातल्या खुंट्या मागवल्या, वेगवेगळ्या जाडीच्या. खुंटी उचलून डब्यात टाकायची. मोजायचं ते टाकणं, उचलणं नाही. बोटं उघडून खुंटी आपसूक खाली पडली तर एक. झटकून पाडली तर नाही. पुतण्या समोर बसून मोजायचा, आणि काका त्याच्याशी भांडायचे, ही धर, ही पडली होती. बारीक खुंटी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा.

आज त्यांचा अंगठा आणि पहिली दोन बोटं उघडतात, उरलेली दोन मिटलेलीच राहतात. उजव्या हाताने ते सतारीचा तुंबा, म्हणजे खालचा भोपळा, मांडीवर घट्ट धरतात आणि डाव्याने पॉलिश करतात. कानस उजव्या हातात टिकते, पण जवारी त्यांना काढता येत नाही, आणि आता येईल असं मला वाटत नाही. हे त्यांना मी सांगितलेलं आहे. पुतण्या काढतो, ते शेजारी बसून तार छेडायला लावतात आणि कुठे घासायचं ते सांगतात. त्यांच्या मनाला ते पुरत नाही, हेही ते मला स्पष्ट सांगतात.

सहा महिन्यांनंतर काही होत नाही, असं त्यांना एका ठिकाणी सांगण्यात आलं होतं. लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरच्या केंद्रात निक वॉर्ड यांच्या गटाने पक्षाघात होऊन बरेच महिने, काहींना तर वर्षं उलटलेले २२४ पेशंट घेतले. त्यांना तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा सराव दिला, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनीही ती टिकून होती. मुख्य मार्ग पुरता तुटलेल्यांना तिथेही चमत्कार मिळत नाही, पण थोडे तंतू उरलेल्यांना उशिराही मिळवण्यासारखं बरंच असतं. आमच्या भागात आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास, एवढा फिजिओ परवडणारं घर सुखवस्तू समजायचं. त्या हिशेबाने ९० तास भरायला ६० आठवडे लागतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पक्षाघाताच्या पेशंटला हातासाठी रोज दोन तास मिळावेत, तेही पहिल्याच तीन महिन्यांत, एवढी एक गोष्ट मला हवी आहे. मिळेपर्यंत मी घरातल्या कुणालातरी धरते, बहुतेकदा शाळकरी नातवंडाला, आणि मोजायला शिकवते. काकांच्या पुतण्याची वही आता दुसऱ्या एका घरात आहे, तिथे मोजणारी मुलगी सातवीत आहे आणि तिची आजी दिवसाला २०० कवड्या डब्यात टाकते.